शुक्रवारी संध्याकाळचा फोन

पत्र : मी 23 वर्षांचा आहे. हौशी गोल्फमध्ये चार वर्षं चांगली गेली, दोन मोठ्या स्पर्धा जिंकलो आणि दीड वर्षापूर्वी व्यावसायिक झालो. तेव्हापासून 16 स्पर्धा खेळलो. त्यातल्या 12 मध्ये कट हुकला, म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतर शुक्रवारीच बाहेर पडलो, बहुतेकदा एक-दोन फटक्यांनी. या काळात दोन प्रशिक्षक बदलले, स्विंगही, म्हणजे फटका मारण्याची ढबही, बदलला. आता जुना आठवत नाही आणि नवा अंगवळणी पडलेला नाही. शुक्रवारी शेवटचे चार-पाच होल उरले की सारखी स्कोअरबोर्डाकडे नजर जाते आणि कट कितीवर लागेल याचाच हिशेब डोक्यात चालू असतो. खर्च बाबा करतात. तो निवृत्तीच्या पैशांतून होतो हे मला आईकडून कळलं, ते स्वतः कधी बोललेले नाहीत. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. स्कोअर विचारत नाहीत, तो त्यांनी आधीच पाहिलेला असतो. ‘दमला असशील, नीट झोप,’ एवढंच म्हणतात. माझ्यात ते नाहीच, हे मान्य करायची वेळ आली आहे का? की यशस्वी खेळाडूंचंही सुरुवातीला असंच असतं?

प्रिय मित्रा,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. काहींचं अगदी असंच असतं. पण एवढंच वाचून थांबू नकोस, कारण या ‘हो’च्या भरवशावर कितीतरी मुलांनी आपली पाच-सात वर्षं आणि घरच्यांची पुंजी घालवलेली मी पाहिली आहे.

तू जस्टिन रोझचं नाव ऐकलं असशीलच. 1998 च्या जुलैमध्ये रॉयल बर्कडेलला ओपन चॅम्पियनशिप झाली तेव्हा तो 17 वर्षांचा होता, हौशी खेळाडू होता. शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर, गवतातून उचललेला त्याचा चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, पडला आणि घरंगळत थेट होलमध्ये गेला. तो बरोबरीने चौथा आला. दुसऱ्याच दिवशी त्याने व्यावसायिक झाल्याचं जाहीर केलं. आणि त्यानंतर लागोपाठ 21 स्पर्धांत त्याचा कट हुकला. तुझे 12, तेही मध्ये चार कट पार करून. त्याचे 21, मध्ये श्वास घ्यायला एकही शनिवार नाही. सगळं जग बघत असताना. त्याचे प्रशिक्षक त्याचे वडीलच होते, म्हणजे स्पर्धेतून बाहेर पडल्यावर प्रशिक्षकाला आणि बापाला एकाच वेळी तोंड द्यायचं. टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, जागा मिळवून देणाऱ्या पात्रता स्पर्धेच्या, क्यू-स्कूलच्या, दारात पुन्हा उभं राहणंही त्याला चुकलं नाही. युरोपियन टूरवरचा पहिला विजय मिळाला तो 2002 च्या जानेवारीत. त्याच वर्षी वडील रक्ताच्या कर्करोगाने गेले. 2013 मध्ये मेरियनला त्याने यू. एस. ओपन जिंकली, तो रविवार फादर्स डेचा होता, आणि शेवटच्या होलवरचं काम आटोपल्यावर त्याने मान वर करून आकाशाकडे पाहिलं. पुढे 2016 मध्ये रिओला ऑलिंपिक सुवर्ण, 2018 मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक.

आता याच मैदानावरची दुसरी गोष्ट. रोझच्या सात वर्षं आधी, 1991 मध्ये, रॉयल बर्कडेललाच इयन बेकर-फिंच ओपन जिंकला होता. वय 30, खेळाची सगळी अंगं तयार, पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालणं, तर फारच सुंदर. चेंडू आणखी लांब जावा म्हणून त्याने स्विंगमध्ये बदल सुरू केले. एक बदल, मग तो सावरायला दुसरा, मग ज्याच्या-त्याच्याकडून सल्ले. सरावात चेंडू सरळ जायचे आणि पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिला की हात साथ द्यायचे नाहीत. 1995 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या होलवर, जिथे पहिल्या आणि अठराव्याचा फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा गवताचा पट्टा) एकच असल्यामुळे समोर अवाढव्य मोकळी जागा आहे, तिथे त्याचा पहिला फटका डावीकडे हद्दीबाहेर गेला. 1997 च्या ओपनमध्ये पहिल्या फेरीत 92 फटके झाले. त्याने माघार घेतली आणि स्पर्धात्मक गोल्फ सोडलं. नंतर टीव्हीवर समालोचक म्हणून त्याने दीर्घ आणि मानाचं काम केलं, हेही सांगायला हवं.

रोझची गोष्ट तुला कोणीही सांगेल. बेकर-फिंचची मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त घाबरवणारं वाक्य 12 कट हुकल्याचं नाही. ‘जुना आठवत नाही आणि नवा अंगवळणी पडलेला नाही’, हे आहे. दीड वर्षात दोन प्रशिक्षक! एका-दोन फटक्यांनी कट हुकणाऱ्या मुलाचा स्विंग मुळातून मोडावा असं त्या दोघांपैकी कोणाला का वाटलं, मला कळत नाही. दोन दिवसांत 36 होल, साधारण 140 ते 145 फटके. त्यातले दोन जास्त होतात म्हणून बाकीचे 140 ज्याने मारले तो हात बदलायचा? ज्या स्विंगने तू दोन मोठ्या स्पर्धा जिंकलास तो तुझा आहे. त्या काळातले व्हिडिओ असतील तर शोध. त्या वेळच्या प्रशिक्षकाकडे जा. मान खाली घालून जावं लागलं तरी जा. आणि निदान वर्षभर स्विंगबद्दल त्या एका माणसाखेरीज कोणाचंही ऐकू नकोस, त्यात मीही आलो.

बेन होगनचं उदाहरण लोक नेहमी देतात. तो 1930 च्या सुमारास, विशीही गाठली नव्हती तेव्हा, व्यावसायिक झाला आणि एकट्याच्या नावावरचा टूरवरचा पहिला विजय त्याला 1940 मध्ये मिळाला. त्या दहा वर्षांत पैसे संपून तो एकाहून अधिक वेळा घरी परतला. हे खरं आहे. पण त्याच दहा वर्षांत पैसे संपून घरी परतलेले आणि पुन्हा कधीच न दिसलेले कितीतरी असणार, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून ‘तोही टिकला, मीही टिकेन’ हा युक्तिवाद मी तुला करू देणार नाही. नुसत्या टिकण्याने काही सिद्ध होत नाही. टिकण्याच्या काळात खेळ पुढे सरकतो आहे का, एवढंच बघायचं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मोजावं लागतं.

ते कसं मोजायचं, ते जरा सविस्तर सांगतो.

तू 16 स्पर्धा खेळलास. म्हणजे कमीत कमी 32 फेऱ्या, आणि चार कट पार केलेस त्यांच्या आणखी. या सगळ्या फेऱ्या होल-होल करून आठव आणि वहीत उतरव. बॅग वाहणाऱ्या कॅडीला विचार, स्कोअरकार्ड काढ, यार्डेज बुकातल्या, म्हणजे मैदानावरच्या अंतरांच्या वहीतल्या, खुणा बघ. प्रत्येक फटक्याला दोनच गोष्टी लिहायच्या, चेंडू कुठून मारला आणि कुठे थांबला. अंतर अंदाजे चालेल. मग चार पानं कर. टीवरचे फटके, ग्रीनकडे येणारे, ग्रीनच्या आजूबाजूचे, आणि पट. फटका कुठे गळतो ते आठ-दहा दिवसांत कळेल.

हा काही माझा शोध नाही. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या फटक्यांची नोंद तपासून ही ‘स्ट्रोक्स गेन्ड’ची पद्धत बसवली आणि 2011 पासून टूरने ती पटिंगसाठी अधिकृतपणे वापरायला घेतली, पुढे बाकीच्या फटक्यांसाठीही. गोल्फमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की लांब फटके दिखाव्यापुरते, कमाई पटरवर. ब्रॉडी यांच्या आकड्यांनी उलटंच दाखवलं. चांगला खेळाडू आणि सरासरी खेळाडू यांच्यातला साधारण दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांत पडतो, त्यातही ग्रीनकडे येणाऱ्या फटक्यांत मोठा वाटा असतो. तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मला खात्री आहे की कट हुकल्यावर रात्री तुला आठवतात ते हुकलेले पट. आठ फुटांवरचा पट आठवत असशील तर हे ध्यानात ठेव, जगातले सर्वोत्तम खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्म्याच वेळा चेंडू आत घालतात. तो पट गेला म्हणून कट गेला असं नसतं. त्याआधी 150 यार्डांवरून मारलेला चेंडू होलपासून चाळीस फुटांवर थांबला, तिथेच फटका गेलेला असतो, आणि तो कोणाला आठवत नाही.

बोर्डाकडे बघण्याबद्दल. हौशी असताना तू जिंकायला खेळत होतास, आता तू घरी न जाण्यासाठी खेळतोस. कटच्या रेषेवर नजर ठेवून खेळणारा खेळाडू पंधराव्या होलवर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, ठेवून देतो, पुढचा फटका लांबतो, चेंडू होलपासून लांब थांबतो, तीन पट होतात. वरून बघणाऱ्याला वाटतं दडपणाखाली हात थरथरला. खरं तर निर्णय आधीच चुकला होता.

उपाय साधा आहे, पाळायला कठीण आहे. गुरुवारी संध्याकाळी, डोकं शांत असताना, शुक्रवारच्या प्रत्येक टीवर कोणता क्लब, म्हणजे कोणती काठी, हे यार्डेज बुकात पेनने लिहून ठेव. वारा फिरला तरच बदलायचं. स्कोअर बदलला म्हणून नाही. कॅडीला स्पष्ट सांग, कट कुठे आहे हे मी विचारलं तरी सांगू नकोस. आणि घोटाळा झालाच तर पॅड्रिग हॅरिंग्टन आठव. 2007 ची ओपन, कार्नूस्टी, शेवटचा होल. टीवरचा फटका ओढ्यात. दंड घेऊन पुढचा मारला, तोही ओढ्यात. ओपन हातातून चालली होती. त्या अवस्थेत पाचवा फटका त्याने होलजवळ आणून ठेवला आणि सहाव्याने चेंडू आत घातला. त्या दोन फटक्यांमुळे तो शर्यतीत राहिला, सर्जिओ गार्सियाशी बरोबरी झाली आणि बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा होलमध्ये, प्लेऑफमध्ये, हॅरिंग्टन जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिपही. पहिल्या दोन चेंडूंचं दुःख तो नंतरही करू शकत होता, आणि त्याने ते नंतरच केलं असणार.

यश म्हणजे काय, याची तुझी मोजपट्टीही मला चुकीची वाटते. टायगर वुड्सने पीजीए टूरच्या 82 स्पर्धा जिंकल्या आणि याहून जास्त कोणी जिंकलेल्या नाहीत, सॅम स्नीड तेवढा बरोबरीला आहे. तरी वुड्सने न जिंकलेल्या स्पर्धा जिंकलेल्यांच्या तिपटीहून अधिक आहेत. जॅक निक्लॉसने 18 मेजर, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांपैकी, जिंकल्या आणि 19 वेळा मेजरमध्ये तो दुसरा आला. या खेळात सर्वश्रेष्ठ माणूससुद्धा बहुतेक रविवारी दुसऱ्या कोणालातरी करंडक उचलताना बघतो. रोझचंच घे. 2017 ची मास्टर्स प्लेऑफमध्ये गेली, 2025 ची मास्टर्स 44 व्या वर्षी पुन्हा प्लेऑफमध्येच गेली, समोर रॉरी मॅकलरॉय, ज्याला स्वतःला त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ एकही मेजर मिळाली नव्हती. हरण्याची सवय नव्हे, हरून सोमवारी पुन्हा सरावाला जाण्याची सवय हा या व्यवसायाचा रोजचा भाग आहे. तो तुला सोसतो का, हे तुलाच ठाऊक.

आणि जिंकल्यावर सगळं भरून निघेल असंही धरून चालू नकोस. स्कॉटी शेफलर जगात पहिल्या क्रमांकावर असताना, 2025 च्या ओपनच्या आठवड्यात, पत्रकारांसमोर मोकळेपणाने बोलला की जिंकल्याचा आनंद फार थोडा वेळ टिकतो आणि मनाच्या तळाशी असलेली पोकळी त्याने भरत नाही. त्याच आठवड्यात तो ती ओपन जिंकला. आज कट हुकल्याचं जे ओझं तुझ्या छातीवर आहे ते करंडकाने उतरणार नाही. कारण ते गोल्फचं नाहीच.

ते बाबांचं आहे.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. मी सहा वर्षं खालच्या टूरवर खेळलो. पैसे आईचे होते. चौथ्या वर्षी एका शुक्रवारी कट हुकला आणि तिचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, ‘पार झाला.’ तेव्हा घरबसल्या स्कोअर दिसायचा नाही. शनिवार-रविवार खोलीत बसून काढले आणि सोमवारी तिला सांगितलं, शेवटचे दोन दिवस बरे गेले नाहीत. त्यानंतर मी तसं आणखी किती वेळा बोललो हे मला लिहायचं नाही. खेळ माझा त्याच काळात खचला. पहिल्या टीवर उभा राहिलो की समोर फेअरवे दिसायचा नाही, फोन दिसायचा. पुढे मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला माहीत होतं, तू सांगशील म्हणून थांबले होते. दोन वर्षं आम्ही दोघं एकमेकांना जपत एकमेकांशी खोटं बोलत होतो.

तुझे बाबा निवृत्तीच्या पैशांबद्दल बोलत नाहीत, तू कळल्याचं बोलत नाहीस. ते स्कोअर विचारत नाहीत, तू सांगत नाहीस. किती प्रेम आहे यात, आणि किती जड आहे हे. गोल्फमध्ये एकाच वेळी 14 हून जास्त क्लब नेता येत नाहीत, तू पंधरावा घेऊन फिरतो आहेस.

त्यांच्याशी बोल. भावनेच्या भरात नको, कागद घेऊन बस. एका स्पर्धेला प्रवास, मुक्काम, प्रवेश शुल्क, कॅडीचा आठवड्याचा पगार, सराव, असा एकूण किती खर्च येतो ते लिही. बक्षिसाचा पैसा किती आला ते शेजारी लिही. हा व्यवसाय कसा चालतो ते त्यांना नीट समजावून सांग. कदाचित त्यांना ठाऊकच नसेल. पीजीए टूरवर दोन फेऱ्यांनंतर पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, विजेत्याला एकूण बक्षिसाचा साधारण 18 टक्के वाटा मिळतो, त्यातला दहावा हिस्सा रिवाजाप्रमाणे कॅडीचा, आणि ज्याचा कट हुकला त्याचा आठवडा सहसा पदरचे पैसे घालूनच संपतो. खालच्या टूरवर रक्कम लहान असते, रचना हीच. मग दोघांनी मिळून ठरवा की आणखी किती पैसे, किती स्पर्धा, कोणत्या तारखेपर्यंत. निवृत्तीच्या पैशांपैकी किती रकमेला हात लावायचा नाही, हे आकड्यात लिहा. मी तर म्हणेन, राहिलेल्या सगळ्याच रकमेला नको. प्रायोजक शोध, शिकवण्या घे, थोड्या कमी स्पर्धा खेळ.

आणि कसोटी ‘जिंकलो का’ ही ठेवू नका. ‘किती कट पार केले’ हीसुद्धा नको, ती एका फटक्यावर झुलते. तुझी फेरीमागची सरासरी आणि तुझ्या टूरवर कट ज्या सरासरीला लागतो ती, या दोन आकड्यांत आज किती अंतर आहे ते काढ. वर्षभराने पुन्हा काढ. कमी झालं तर मला आनंदाने कळव. तेवढंच राहिलं किंवा वाढलं, आणि तू मनापासून, जुन्या स्विंगने, बोर्ड न बघता खेळला असशील, तर मग थांबण्याचा विचार कर, आणि त्या थांबण्याला हार म्हणू नकोस. लोरेना ओचोआ 2010 मध्ये 28 व्या वर्षी थांबली, तेव्हा ती महिलांच्या क्रमवारीत जगात पहिली होती. बॉबी जोन्सने तर 1930 मध्ये, तोही 28 व्या वर्षी, मोठ्या चारही स्पर्धा जिंकून स्पर्धात्मक खेळ सोडला आणि वकिली केली. स्पर्धा तो कायम हौशी म्हणूनच खेळला. तुझी परिस्थिती वेगळी आहे हे मला समजतं. पण गोल्फ सोडणं आणि स्पर्धा सोडणं या दोन गोष्टी आहेत. हौशी दर्जा परत मागता येतो, शिकवता येतं, कॅडी होता येतं. हॅरिंग्टन 24 व्या वर्षी व्यावसायिक झाला तेव्हा हिशेबनिशीचं शिक्षण पुरं करून बसला होता. संध्याकाळी दोन तास कसलंतरी शिक्षण तूही सुरू कर. त्याने खेळावरची निष्ठा कमी होत नाही, उलट पहिल्या टीवर पाय जरा हलके पडतात.

‘माझ्यात ते आहे का’ याचं उत्तर मी दिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे. न बघता ते कोणीच देऊ नये. चार कट पार करणारा आणि बाकीचे बहुतेक एक-दोन फटक्यांनी हुकवणारा मुलगा या व्यवसायात चुकून आलेला नाही, एवढं मात्र मी ठामपणे म्हणतो.

येत्या शुक्रवारी, कट पार होवो न होवो, फोन तू लाव, त्यांचा येण्याआधी. स्कोअर तूच सांग, होल-होल सांग, त्यांना ऐकायचाच असतो. पैशांचं माहीत असल्याचंही त्याच वेळी सांगून टाक, आणि कागद घेऊन घरी कधी येतोस ते ठरव. वही भरली की मला पुन्हा लिही. सगळ्यात आधी ग्रीनकडे येणाऱ्या फटक्यांचं पान पाठव.